जंताची गोळी पोटात राहावी की रक्तात जावी?

देवगडच्या एका घरातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरात तिघांच्या तोंडी एकच नाव आहे, अल्बेंडाझोल. शाळेतल्या मुलीला जंतनाशक दिनाला एक गोळी चावून खायला दिली. तिच्या काकांना फिट आली, मेंदूत पट्टकृमीच्या अळीची गाठ सापडली. त्यांना तीच गोळी दिवसातून दोनदा, 'तेल-तूप असलेल्या जेवणासोबतच घ्यायची' असं बजावून दिली आहे. आजीचं म्हणणं वेगळंच. जंताचं औषध अनशापोटी घ्यायचं, आदल्या रात्री तेलकट खायचं नाही आणि मागाहून एरंडेल प्यायचं. यातलं खरं कुणाचं?

शाळेचं आणि डॉक्टरांचं, दोघांचंही खरं आहे. आजीचंही खरं आहे, फक्त ती ज्या औषधांबद्दल बोलते ती आता दुकानात मिळत नाहीत. जंत आतड्याच्या पोकळीत आहे की आतडं ओलांडून अंगात शिरलाय, एवढ्या एका गोष्टीवर गोळी कशी घ्यायची ते ठरतं. पोकळीतल्या जंतासाठी औषध आतड्यातच राहिलेलं बरं. मेंदूतल्या, यकृतातल्या, फुप्फुसातल्या जंतासाठी ते रक्तात चढलंच पाहिजे.

अल्बेंडाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. जठरातल्या आम्लात थोडं विरघळतं, पुढे लहान आतड्यात आम्ल मारलं गेलं की पुन्हा कणांच्या रूपात बसतं. त्यामुळे साध्या पोटी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमच्या गोळीतलं ५ टक्क्यांहूनही कमी औषध अंगात शोषलं जातं. उरलेलं आतड्यातून हळूहळू सरकत शौचावाटे जातं. हा गोळीचा दोष वाटेल, पण मुलीच्या बाबतीत तोच तिचा गुण आहे. जंत जिथे आहेत तिथे औषध भरपूर, आणि मुलीच्या रक्तात नाममात्र. १ ते २ वर्षांच्या बाळालाही अर्धी गोळी निर्धास्तपणे देता येते ती यामुळेच.

आतड्यातल्या औषधाचं पुढे काय होतं? जंताच्या कातडीतून ते आत झिरपतं आणि त्याच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं. या प्रथिनापासून पेशीच्या आत बारीक नळ्या उभ्या राहतात, आणि माल इकडून तिकडे नेण्याचं काम त्यांच्यावर चालतं. नळ्या बांधता आल्या नाहीत की जंताला साखर शोषता येत नाही, साठवलेली शक्ती संपते आणि तो उपासमारीने मरतो. माणसाच्याही पेशींत ट्युब्युलिन असतं, पण औषधाची पकड जंताच्या ट्युब्युलिनवर कितीतरी घट्ट बसते. ही उपासमार तासाभरात होत नाही, दोन-तीन दिवस लागतात. मेलेला जंत पुष्कळदा आतड्यातच विरघळून जातो. म्हणून 'गोळी घेतली पण काहीच पडलं नाही, म्हणजे औषध लागू पडलं नाही' हा निष्कर्ष चुकीचा, आणि त्यापायी दुसऱ्या दिवशी आणखी एक गोळी देणंही चुकीचं.

गोळी चावायला सांगतात त्याचं कारण साधं आहे. जे विरघळत नाही त्याचे कण जितके बारीक, तितकं ते आतड्यात सगळीकडे पसरतं. अख्खी गिळलेली गोळी उशिरा फुटली तर वरच्या आतड्यातले जंत तिच्या तावडीतून सुटू शकतात. तीन वर्षांखालच्या मुलाला गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यात कालवून द्यावी. रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या मुलाचं नाक दाबून औषध ओतणं सर्वात धोक्याचं; औषध किंवा गोळीचा तुकडा श्वासनलिकेत जाऊन मुलं दगावलेली आहेत. आज नाही घेतलं तर उद्या द्या. पातळ औषध देत असाल तर १० मिलिलिटरच्या बाटलीत साधारणपणे ४०० मिलिग्रॅम असतं, पण औषधाचा गाळ तळाशी बसतो. बाटली चांगली हलवली नाही तर वरच्या अर्ध्यात गोड पाणी आणि खालच्या अर्ध्यात दुप्पट औषध, असं होतं. अर्धी मोडलेली गोळी पुढच्या खेपेसाठी ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत पाकिटाबाहेर ती मऊ पडते.

शाळेत गोळी माध्यान्ह भोजनानंतर दिली जाते ती मळमळ कमी व्हावी म्हणून. मुलीच्या जंतांना जेवणात तेल होतं की नव्हतं याने विशेष फरक पडत नाही. पोटात जंत जास्त असतील तर त्या दिवशी पोट दुखेल, एखादी उलटी होईल, जुलाब होतील. सावलीत आडवं करून पाणी पाजत राहिलं की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. मात्र पोट फुगलंय, हिरवी उलटी होतेय आणि शौच-वारा बंद आहे, असं असेल तर जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. तिथे घरी कुठलंच जंताचं औषध द्यायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

एका गोळीचं यश सगळ्या जंतांवर सारखं नाही. मोठ्या गोल जंतावर ते ९५ टक्क्यांच्या आसपास आहे, आकडी जंतावर ८० च्या आसपास, आणि चाबकासारख्या आकाराच्या जंतावर जेमतेम ३०. या उतरंडीमागेही औषधाचा प्रवासच आहे. गोल जंत लहान आतड्याच्या पोकळीत मोकळा तरंगतो, औषधाच्या ऐन धारेत सापडतो. आकडी जंत वरच्याच आतड्यात अस्तराला दातांनी धरून असतो. चाबूक जंत पार मोठ्या आतड्याच्या तोंडाशी, डोकं अस्तरात खुपसून बसलेला. तिथे पोहोचेपर्यंत औषध शौचात मिसळून पातळ झालेलं असतं. त्यावर एका गोळीऐवजी तीन दिवस रोज एक, असा क्रम डॉक्टर देतात. मेबेंडाझोल (याच कुळातलं दुसरं औषध) १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस, हाही त्यातलाच प्रकार. पण मेबेंडाझोलची एकच मोठी गोळी घेऊन आकडी जंत जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे ती अल्बेंडाझोलच्या अर्ध्यानेही चालत नाही.

कोकणात खरी काळजी आकडी जंताचीच. ओली, सावलीतली, भुसभुशीत जमीन त्याच्या अळीला मानवते, आणि माडा-पोफळीच्या वाडीत किंवा लावणीच्या दिवसांत अनवाणी पाय हेच तिचं दार. एक जंत जातीनुसार रोज ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त पितो. शंभर जंतांचा हिशेब केला तर रोज ३ ते २० मिलिलिटर होतो. गोळीने जंत मरतात, गेलेलं रक्त परत येत नाही. लोहाच्या गोळ्या वेगळ्या आणि दोन-तीन महिने घ्याव्याच लागतात, चहासोबत नाही. आणखी एक. ज्या अळ्या त्या दिवशी पायातून शिरून फुप्फुसाच्या वाटेवर आहेत, त्यांच्यापर्यंत ही एक गोळी नीट पोहोचत नाही, कारण रक्तात ती चढतच नाही. त्या पुढे पाच-सहा आठवड्यांत आतड्यात येऊन मोठ्या होतात. वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, गोळी देण्यामागे हाही हिशेब आहे. रात्री शौचाच्या जागी खाज आणणारे दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत असतील तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. औषध जंत मारतं. नखांत, चादरींत चिकटलेली अंडी नाही. ही मात्रा घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायची.

आता आजीकडे वळू. तिच्या लहानपणी आकडी जंतावर टेट्राक्लोरोइथिलीन दिलं जाई. कपडे ड्रायक्लीन करायला जे वापरतात, तेच द्रव्य. गोल जंतावर किरमाणी ओव्यातून निघणारं सॅन्टोनिन, पट्टकृमीवर नेच्याच्या मुळीचा अर्क. ही सगळी द्रव्यं माणसालाही विषारी, आणि सगळी तेलात विरघळणारी. पोटात तेल-तूप असेल तर ती भराभर रक्तात चढत. सॅन्टोनिनने माणसाला सगळं पिवळं दिसू लागे, नेच्याच्या अर्काने दृष्टी जाण्यापर्यंत मजल जाई. म्हणून आदल्या रात्री तेलकट वर्ज्य, दारू वर्ज्य, सकाळी अनशापोटी औषध आणि नंतर आतडं धुऊन काढायला रेचक. औषधाने जंत मारावा, पण अंगात शिरू नये, याचीच ही सगळी व्यवस्था होती, आणि त्या काळाच्या मानाने ती हुशारीची होती. एक गंमत मात्र आहे. नेच्याच्या अर्कानंतर एरंडेल द्यायला जुने वैद्यकशास्त्रही सक्त मनाई करी, क्षाराचा रेचक द्या म्हणे, कारण एरंडेल हेही शेवटी तेलच.

आजच्या गोळीवर हे नियम लादले तर मुलीचं नुकसान थोडं आणि काकांचं फार. मुलीला एरंडेल पाजलं तर ज्या औषधाने दोन दिवस जंतांजवळ रेंगाळायचं ते दोन तासांत बाहेर जाईल. काकांनी तेलकट टाळलं तर त्यांचा उपचारच झाला नाही असं समजा.

काकांच्या शरीरात काय व्हायला हवं ते पाहू. जेवणात स्निग्ध पदार्थ आले की पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त आतड्यात उतरतं. पित्त चरबीचे अतिसूक्ष्म गोळे बनवतं, आणि पाण्याला दाद न देणारं अल्बेंडाझोल त्या गोळ्यांत शिरून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोहोचतं. सुमारे ४० ग्रॅम चरबी असलेल्या जेवणासोबत घेतल्यास रक्तातली पातळी उपाशीपोटीच्या तुलनेत सरासरी ५ पट होते. मात्रा न वाढवता पाचपट, तेही फुकटात.

४० ग्रॅम म्हणजे किती याचा अंदाज आपल्या ताटावरून घ्या. पेज आणि लोणचं, किंवा तांदळाची भाकरी आणि भाजलेला सुका बांगडा, यात चरबी अगदी मोजकी. या जेवणासोबत गोळी म्हणजे जवळजवळ उपाशीपोटीच. ओल्या नारळात १०० ग्रॅमला साधारण ३३ ग्रॅम चरबी असते. म्हणजे भरगच्च वाटीभर खवलेल्या नारळाचं वाटप एकट्याच्या आमटीत गेलं तर २५-३० ग्रॅमची सोय झाली. त्यावर फोडणीला किंवा भातावर मोठा चमचाभर तेल-तूप, त्याचे १४ ग्रॅम. घावणे आणि नारळाचा दाट रस हाही चांगला पर्याय, पण पहिला रस. तिसऱ्यांदा पिळलेल्या पाण्यात काही उरत नाही. मूठभर शेंगदाण्यांत १४-१५ ग्रॅम मिळतात. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर नारळाऐवजी शेंगदाणे आणि तेल यांवर डॉक्टरांशी बोलून भागवता येतं. हे जेवण दोन्ही वेळा लागतं. दुपारी साग्रसंगीत आणि रात्री नुसती पेज, हा घरोघरी चालणारा क्रम इथे घातक, कारण रात्रीची मात्रा वाया जाते.

शोषलेलं औषध सरळ अंगभर फिरत नाही. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत पहिल्याच फेरीत अल्बेंडाझोलला ऑक्सिजन जोडून त्याचं अल्बेंडाझोल सल्फॉक्साइड करतं. रक्त तपासलं तर मूळ अल्बेंडाझोल सापडतच नाही म्हणा ना. गाठीवर काम करतं ते हे सल्फॉक्साइड. (मेबेंडाझोल इथेच मागे पडतं, यकृतातून ते निकामी होऊन बाहेर येतं.) सल्फॉक्साइडची पातळी २ ते ५ तासांत सर्वात वर जाते, ८ ते १२ तासांत निम्म्यावर येते. दिवसातून दोनदा गोळी त्यासाठीच. मेंदूभोवतीच्या द्रवात रक्ताच्या साधारण ४० टक्के पातळी पोहोचते, आणि ते पुरतं. पुढे यकृतच त्याला आणखी एक ऑक्सिजन जोडून सल्फोन करतं. ते निरुपयोगी. बाहेर जाण्याची मुख्य वाट पित्त. लघवीतून एक टक्काही नाही.

मेंदूतल्या गाठीसाठी मात्रा किलोमागे रोज १५ मिलिग्रॅम, दोन भागांत, साधारण १० ते १४ दिवस. ५० किलोच्या माणसाला ७५० येतात, म्हणजे व्यवहारात ४०० ची गोळी दोन वेळा. गोळीआधी स्टिरॉइड सुरू केलेलं असतं. ते बंद करू नका. अळी मरू लागली की मेंदू तिच्यावर धावून जातो, दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान डोकेदुखी, उलटी, पुन्हा फिट येऊ शकते, आणि ती सूज आवरायला स्टिरॉइड असतं. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड दिलेलं असेल तर त्याने सल्फॉक्साइडची पातळी वाढते, हा वर फायदा. डोळ्याच्या आत गाठ नाही ना, हे उपचाराआधीच पाहून घ्यावं लागतं. तिथली सूज दृष्टी नेते. आणि 'आमच्याकडे मटणसुद्धा शिजत नाही, मग हे कुठून?' याचं उत्तर: ही गाठ डुकराच्या मांसाने होत नाही, पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, कच्च्या भाजीतून किंवा हातावाटे पोटात गेल्याने होते.

फिटच्या औषधाशी पडणारी गाठ बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फिनोबार्बिटोन ही तिन्ही यकृताला जादा कामाला लावतात. सल्फॉक्साइड झपाट्याने संपतं, पातळी निम्म्यावर किंवा त्याखाली येते. नारळाने कमावलेलं यकृतात गमावलं. लेव्हेटिरॅसिटाम असं करत नाही. म्हणून फिटची गोळी कोणती चालू आहे ते अल्बेंडाझोल लिहिणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, पण फिटची गोळी स्वतःहून एक दिवसही बदलू किंवा थांबवू नका. उलट बाजूला, ग्रेपफ्रूटचा रस पातळी वाढवतो. परसातलं पपनस त्याच्याच नात्यातलं आहे, तेव्हा उपचाराच्या दिवसांत ते बाजूला ठेवलेलं बरं.

बाकीच्या औषधांना हीच कसोटी लावली की त्यांच्या सूचना आपोआप उलगडतात. पट्टकृमीवरचं निक्लोसामाइड जवळजवळ शोषलं जात नाही, म्हणून २ ग्रॅमसुद्धा चालतं. चावून बारीक करायचं. आतड्यातल्या जंतांवरच्या पायरँटेलचं क्षारच मुद्दाम न विरघळणारं बनवलेलं. ते जंताचे स्नायू आखडवून त्याला निश्चल करतं आणि आतडं त्याला बाहेर ढकलतं. पिपराझिन हे जंताचं दुसरं औषध मात्र स्नायू सैल पाडतं, त्यामुळे दोन्ही एकत्र दिली तर एकमेकांवर पाणी फिरवतात.

पट्टकृमीवर आणि रक्तातल्या कृमींवर चालणाऱ्या प्राझिक्वांटेलचं अगदी उलट. ते ८० टक्के शोषलं जातं, पण यकृत त्याचा बराचसा भाग पहिल्याच फेरीत निकामी करतं आणि तास-दीड तासात पातळी निम्मी होते. जेवणासोबत घेतल्यास जास्त हाती लागतं. डेक्सामेथासोन त्याची पातळी निम्मी करतं (अल्बेंडाझोलच्या नेमकं उलट), आणि क्षयाचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर जवळजवळ काहीच उरत नाही. चव जहर कडू. ही गोळी चावायची नाही, गिळायची. कोकणाचा या औषधाशी एक वेगळा संबंध पोहोचतो. लघवीतून रक्त पाडणाऱ्या शिस्टोसोमा या रक्तातल्या कृमीचं भारतातलं स्थानिक ठाणं गाडगीळ आणि शाह यांनी १९५२ साली नोंदवलं, ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात. प्राझिक्वांटेल तेव्हा नव्हतं, ते १९७० च्या दशकात आलं.

हत्तीरोगावरच्या डीईसीला (डायइथिलकार्बामाझिन) तेला-तुपाशी काही देणंघेणं नाही. ते पाण्यात सहज विरघळतं, जवळजवळ सगळं शोषलं जातं, तास-दोन तासांत पातळी शिखरावर, आणि निम्म्याहून अधिक लघवीतून जसंच्या तसं बाहेर. जेवून घ्यायला सांगतात ते फक्त पोट बिघडू नये म्हणून. दोन गोष्टी सांभाळा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते अंगात साठतं. आणि लघवीच्या जळजळीवरचं अल्कलायझर सिरप चालू असेल तर लघवी अल्कधर्मी होऊन औषध बाहेर पडायला वेळ लागतो. गोळीनंतर आलेला ताप हा रक्तातल्या सूक्ष्म अळ्या मरण्याचा असतो. ज्याच्या रक्तात त्या नाहीत त्याला तो सहसा येत नाही. आयव्हरमेक्टिन हे कृमींवरचं औषधही तेलात विरघळणारं, तेलकट जेवणाने अडीच पट चढणारं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांवरचा एक पंप ते मेंदूत शिरू देत नाही, म्हणून माणसाला ते सोसतं. गुरांसाठीचं इंजेक्शन किंवा पेस्ट माणसाने घेण्यात मात्रा कित्येक पटीने चुकते आणि तो पंपही हरतो.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात. दुसऱ्या तिमाहीत एक गोळी देण्याचा सरकारी क्रम आहे, ती आशाताईंना किंवा परिचारिकेला विचारूनच घ्यावी.

यकृतातल्या हायडॅटिड गाठीसाठी (कुत्र्याच्या पट्टकृमीच्या अळीची पाण्याने भरलेली गाठ) हीच गोळी २८ दिवस दोन वेळा आणि मध्ये १४ दिवसांची सुट्टी, अशी आवर्तनं चालतात. इतके दिवस पाचपट पातळी अंगात ठेवायची तर पांढऱ्या पेशी आणि यकृताची तपासणी प्रत्येक आवर्तनाच्या सुरुवातीला आणि दर दोन आठवड्यांनी हवी. केस गळाले तर घाबरू नका, औषध थांबल्यावर ते परत येतात. पित्तनलिका तुंबलेली असेल तर सल्फॉक्साइडची बाहेर जायची वाटच बंद होते आणि अंगावर पडणारा एकूण भार ७ पटींपर्यंत वाढतो. म्हणून आवर्तन चालू असताना डोळे पिवळे किंवा लघवी गडद पिवळी दिसली तर कावीळ उतरवणाऱ्याकडे जाण्याआधी गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, आणि गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.